शेजारघराची निकड

भांडवल, पाणी आणि यंत्र ही तीन एके ठिकाणी आली म्हणजे उजाड माळावर वसाहत उभी राहते, हे नीरेच्या खोऱ्याने प्रत्यक्ष पाहिले आहे. भाटघरच्या धरणाने व नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात ऊस आणला. १९३२ साली साखरेच्या देशी धंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला. आणि त्याच सुमारास शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंब गावच्या परिसरात साखरेचा कारखाना घातला. त्या जागेस पुढे वालचंदनगर हे नाव मिळाले. ज्या गृहस्थाने आगगाडीची बोगदी खणली, परकीयांच्या मक्तेदारीस न जुमानता १९१९ साली सिंदिया कंपनीची जहाजे समुद्रात लोटली, १९४० साली बंगळूरास विमानाचा कारखाना काढला, त्याच्या उद्योगशीलतेविषयी नव्याने लिहिण्याचे कारण नाही. आम्हांस आज लिहावयाचे आहे ते त्याने वसविलेल्या आणि त्याच्यासारख्या इतर कारखानदारांनी वसविलेल्या वस्त्यांत जे यंत्राने घडत नाही त्याविषयी. वसाहत पैशाने बांधता येते. शेजार तसा बांधता येत नाही.

जुन्या गावाकडे पाहा. तेथे दारिद्र्य होते, जातिभेदाचा जाच होता, आणि ज्यास गावकुसाबाहेर राहावे लागे त्यास त्या गावाची थोरवी सांगणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणे होय. तथापि त्या गावात चावडी होती, पार होता, तालीम होती, आणि कोणाच्या घरी म्हातारी आजारी आहे हे विचारल्यावाचून कळत असे. कारखान्याच्या वसाहतीत निरनिराळ्या जिल्ह्यांची माणसे भोंग्याच्या आवाजावर जमा होतात. घर कंपनीचे, दिवा कंपनीचा, शाळा व दवाखानाही बहुधा कंपनीच्याच पुण्याईचा. अशा ठिकाणी दोन भिंतींच्या अलीकडे-पलीकडे वीस वर्षे राहिलेली कुटुंबे एकमेकांस पाळीच्या वेळेवरून ओळखतात. नावावरून ओळखतातच असे नाही. ज्याने द्यावयाचे तो देतो, ज्याने घ्यावयाचे तो घेतो, आणि देणाऱ्याचे दिवस पालटले की घेणारा हात चोळीत बसतो. यात कोणाचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. मालकाच्या औदार्यावर चाललेल्या सोयी मालकाच्या ताळेबंदाबरोबर चढतात व उतरतात, हा व्यवहार आहे, आणि आमच्या व्यापारी वाचकांस तो आम्ही समजावून सांगावा असे नाही.

वालचंदनगरचा उद्योग आज साखरेपुरता उरलेला नाही. तेथील यंत्रशाळेत अवजड यंत्रे घडतात. २०२३ साली चंद्रयान-३ ज्या अग्निबाणाने आकाशात गेले त्याच्या कवचाचे भाग घडविणाऱ्यांत या गावच्या कामगारांचा हात होता. ही गोष्ट अभिमानाची आहे, आणि तो अभिमान आम्ही मनापासून बाळगतो. पण ज्या कामगाराच्या हातून असे कवच घडते त्याचे बारा वर्षांचे मूल सायंकाळी पाचपासून आठपर्यंत कोठे असते, कोणाच्या संगतीत असते, हा प्रश्न त्याच कामगाराच्या बायकोस विचारून पाहावा. पुष्कळ ठिकाणी तिचे उत्तर एवढेच येईल की, "असेल इथंच कुठंतरी." या "कुठंतरी"स एक छप्पर, एक दिवा व एक जबाबदार माणूस मिळवून देणे, एवढीच आमच्या या लेखातील मागणी आहे.

ज्या संस्थेस आम्ही शेजारघर म्हणतो ती काय नव्हे हे आधी सांगितलेले बरे. ती मंगल कार्यालय नव्हे, कारण तेथे भाडे देऊ शकणाऱ्याचेच कार्य होते. ती देऊळ नव्हे. देवळाची पायरी सर्वांस सारखी नसते. ती पक्षाची कचेरी नव्हे, अधिकाऱ्यांचा क्लब नव्हे, आणि एखाद्या जातीने आपल्या जातीसाठी बांधलेले भवनही नव्हे. शेजारघर म्हणजे वस्तीतील लोकांनी, वस्तीतील सर्वांसाठी, नफ्याची अपेक्षा न धरता चालविलेले घर. त्यात वाचनालय असावे, लहान मुलांचे पाळणाघर असावे, शाळेतून आलेल्या मुलांस अभ्यासास व खेळास जागा असावी, बायकांस दुपारी दोन तास कोणाची परवानगी न मागता बसता यावे, आणि रेशनकार्ड, पेन्शन, दवाखाना यांचे कागद समजावून सांगणारे एक माणूस ठरल्या वेळी तेथे हमखास भेटावे. एवढ्यास फार मोठी इमारत लागते असे नाही. वेळ पाळणारा माणूस मात्र लागतो.

ही कल्पना परदेशातून आली म्हणून नाक मुरडणारे काही निघतील. लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तीत पाद्री बार्नेट व त्यांच्या पत्नी यांनी १८८४ साली टॉयन्बी हॉल काढले. ते पाहून जेन ॲडम्स या बाईंनी १८८९ साली शिकागोत हल हाउस काढले आणि १९३१ साली त्यांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे खरे. पण महाराष्ट्रास या कामाचा वस्तुपाठ हवा असेल तर समुद्र ओलांडण्याची गरज नाही. परळपर्यंत गेले तरी पुरे.

भारत सेवक समाजाचे नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. गिरणगावातील मजूर तेव्हा कोणत्या स्थितीत राहत असे हे सांगावयास नको. एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडे, पाळी संपली की रस्ता आणि रस्त्यावर दारूचे दुकान. लीगने काय केले? व्याख्याने झोडली नाहीत. रात्रीच्या शाळा काढल्या, फुकट वाचनालये काढली, औषधपाण्याची सोय केली, सावकाराच्या पाशातून मजूर सुटावा म्हणून सहकारी पतपेढ्या उभ्या करावयास मदत केली. मजुराच्या दारात बसून त्याचे पत्र लिहून देणारा माणूस त्याच्या भरवशाचा होतो, आणि असा भरवसा मिळविल्यानंतरच जोशी १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत पुढे झाले, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आज पुष्कळांस याच्या उलट जावयाचे असते. आधी पुढारीपण, मग सवड झाली तर सेवा.

लीगच्या कामाशी निगडित असलेले परळचे दामोदर हॉल हे नाव आणखी एका कारणाने इतिहासात राहिले. ९ मार्च १९२४ रोजी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी संस्था काढण्याचा विचार करावयास जी सभा बोलाविली ती याच सभागृहात भरली, आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे कार्यालयही दामोदर हॉलातच होते. सभेच्या उद्देशांत वसतिगृहे, वाचनालये व अभ्यासवर्ग यांच्याबरोबर सामाजिक केंद्रे उघडण्याचाही समावेश होता. आणि तिचे पहिले वसतिगृह १९२५ साली निघाले ते सोलापुरास, म्हणजे वालचंद शेठजींच्या जन्मगावी. एका श्रीमंताच्या नावाच्या सभागृहाचे दार उघडे राहिले, म्हणून ज्यांस गावात विहिरीवर पाणी मिळत नव्हते त्यांस सभा भरविण्यास जागा मिळाली. दार उघडे राहण्याचे मोल इतके मोठे असते. ते बांधकामाच्या खर्चात धरता येत नाही.

नागपाड्याचे उदाहरण निराळ्या धर्तीचे आहे. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईच्या त्या दाट, गरीब व अठरापगड वस्तीत १९२० नंतरच्या दशकात क्लिफर्ड मॅन्शार्ड्ट यांच्या देखरेखीखाली "नेबरहुड हाउस" चालू केले. चालविणारे मिशनरी, येणारे बहुतेक मुसलमान, यहुदी व हिंदू. आणि तरीही तेथील कामाचा भर धर्मांतरावर नव्हता, खेळ, दवाखाना, शिक्षण व चर्चा यांवर होता. याच घरात १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची शाळा सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. नागपाड्याच्या अंगणातून पुढे देशासाठी बास्केटबॉल खेळणारे खेळाडू निघाले, हे कित्येकांस ठाऊकही नसेल. ज्या मोहल्ल्याचे नाव वर्तमानपत्रात केवळ मारामारीच्या बातमीत यावयाचे, त्याचे नाव खेळाच्या बातमीत येऊ लागले, यास लहान लाभ कोण म्हणेल?

आता कुटुंबास व शेजारास यापासून प्रत्यक्ष काय मिळते याचा रोकडा हिशेब करू. पाळणाघर असले म्हणजे आई कामावर जाते, एवढेच नव्हे. थोरली मुलगी शाळेत जाते. धाकट्यास सांभाळावयास घरी कोणी नाही म्हणून दहा वर्षांची पोर शाळेतून काढली जाते, हा प्रकार आपल्याकडे इतका नित्याचा आहे की त्यास कोणी अन्याय म्हणतही नाही. एका पाळण्याने दोन मुलांची सोय होते. वाचनालयाचेही तसेच. ज्या घरात एकच खोली व त्या खोलीत दूरदर्शनसंच मोठ्याने चालू आहे, त्या घरातील दहावीच्या मुलास अभ्यासाला जागा नसते. त्याचे नापास होणे आपण त्याच्या बुद्धीच्या माथी मारतो. म्हाताऱ्या निवृत्त कामगाराकडे पाहा. चाळीस वर्षे लेथवर घालविलेला हात निकामी झालेला नसतो, त्यास काम नसते. अशा माणसाने आठवड्यातून दोन दिवस चार पोरांस पटाशी व कानस धरावयास शिकविले तर पोरांचा फायदा होईल, पण आम्हांस वाटते की त्या म्हाताऱ्याचा त्याहून अधिक होईल.

बायकांची गोष्ट थोडी विस्ताराने सांगावी लागेल. पुरुषांस चहाची टपरी आहे, पानाचे दुकान आहे, पार आहे. बायकांस घराबाहेर बसावयास जागा कोणती? हळदीकुंकू, भजन, आणि पाण्याच्या रांगा. दुःख सांगावयास जागा नसली म्हणजे दुःख नाहीसे होत नाही, ते भिंतीआड मुरते. आणि दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याचा बंदोबस्त पोलिसांपूर्वी शेजारणींनी केलेला अधिक परिणामकारक होतो, असा अनुभव आहे. त्यासाठी शेजारणी आधी एकमेकींस ठाऊक असाव्या लागतात. माण तालुक्यातील म्हसवडास बायकांनी १९९७ साली स्वतःची सहकारी बँक काढली. आरंभी परवाना नाकारला गेला, कारण अर्जावर अंगठे होते. त्या बाया रडत घरी बसल्या नाहीत. त्यांनी अक्षरे गिरविली, पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या दारात गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवावयास तयार झाल्या. आमच्या पेढीवाल्या वाचकांनी हे उदाहरण मनात ठेवावे. शेळी घ्यावयास कर्ज मागणाऱ्या बाईस अक्षर येत नसेल, हिशेब येतो. आणि चार बायांस एकत्र बसून तो पक्का करावयास जागा मिळाली म्हणजे तिच्यासारखे सुरक्षित खाते दुसरे नाही.

येथवर जे लिहिले ते कायम वस्तीच्या लोकांविषयी झाले. पण बारामती-इंदापूरच्या भागात एक वस्ती अशी आहे की जी वर्षातून पाच-सहा महिनेच असते, आणि आमच्या मते शेजारघराची खरी परीक्षा तेथे आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर व मराठवाड्याच्या कोरड्या तालुक्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडीपर्यंत सुटका नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, असा या धंद्यातील हिशेब आहे; बाईची निराळी मजुरी त्यात धरलेली नसते, तिचे श्रम मात्र धरलेले असतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी अशा कारखान्यांच्या आसमंतात व आंथुर्णे, लासुर्णे, जंक्शन या बाजूच्या शिवारात हंगामात कोप्या दिसतात. पहाटे अंधारात मोळ्या बांधावयाच्या, गाडी भरावयाची, कारखान्यावर रांगेत उभी करावयाची. कोपीत मागे राहते ते तान्हे मूल व त्यास सांभाळणारे दुसरे मूल.

आपण जो चहा गोड करून पितो त्यात या मुलांची शाळा विरघळलेली आहे, हे म्हणणे कोणास कडू लागले तरी आमचा नाइलाज आहे. शाळेचा हक्क देणारा २००९ चा कायदा स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांस प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर स्पष्ट शब्दांत टाकतो. साखरशाळांचे प्रयोग काही सेवाभावी संस्थांनी केले. सरकारने २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना जाहीर केली, आणि गोपीनाथ मुंड्यांच्या नावाने कल्याण महामंडळही आहे. हे सर्व योग्य व आवश्यक. पण वसतिगृहात जावयास मूल शाळेच्या वयाचे असावे लागते. त्याहून लहान जे कोपीत झोळीत निजलेले आहे त्याचे काय? आणि बाईचे काय? २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला व चौकशी समितीही नेमली गेली. त्या प्रकरणात जे दिसले त्याचे मूळ केवळ डॉक्टरांच्या लोभात शोधणे अपुरे आहे. ज्या बाईस पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, शौचास जागा नाही, एक खाडा झाला तर दंड आहे, आणि खरी सल्लामसलत करावयास जिच्यापाशी एकही ओळखीचे माणूस नाही, तिला कोणीही काहीही सांगावे. शेजारघरात आठवड्यातून एक दिवस परिचारिका बसली, स्नानास बंदिस्त जागा मिळाली आणि तिच्या मुलावर नजर ठेवणारी एक मावशी मिळाली, तर हे सर्व नाहीसे होईल असे आम्ही म्हणत नाही. पण एक तरी दार असे राहील की जेथे तिला ताई म्हणून हाक मारतील.

"ती माणसे आपली नव्हेत, हंगाम संपला की जातात," असा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. त्यास उत्तर असे की ती दर वर्षी येतात. वीस वर्षे दर हिवाळ्यात तुमच्या शिवारात राहणारा माणूस तुमचा शेजारी नव्हे, तर शेजारी या शब्दाचा अर्थ तरी काय उरला? शिवाय वालचंदनगरात आज जे स्वतःस मूळचे म्हणवितात त्यांपैकी कितीजणांचे आजोबा बोचके घेऊन आले होते, हेही त्यांनी आठवून पाहावे.

आता एका कटू गोष्टीकडे वळतो. समाजमंदिरे आपल्याकडे नाहीत असे नाही, गावोगाव आहेत. आमदारांच्या निधीतून झाली, खासदारांचा निधी १९९३ साली निघाला त्यातून झाली. आमच्या पाहण्यातील एका गावी, त्याचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही, समाजमंदिराच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी फलक आहे, फलकावर सात नावे आहेत, दारास कुलूप आहे, आणि खिडकीतून पाहिले असता आत कडब्याच्या पेंढ्या दिसतात. किल्ली कोणाकडे आहे असे विचारले असता तिघांनी तीन नावे सांगितली. हे एकाच गावचे चित्र असते तर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. आपण इमारतीस संस्था समजतो आणि उद्घाटनास काम समजतो. सिमेंटला वर्गणी मिळते, ग्रंथपालाच्या पगारास मिळत नाही. कारण ग्रंथपालाच्या छातीवर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही.

यासाठी शेजारघर निघावयाचे तर ते कोणाच्या हाती असावे हा प्रश्न पैशाच्या प्रश्नाहून आधीचा आहे. आमचे मत असे की ते कंपनीच्या हाती नसावे, सरकारच्या हाती नसावे, आणि कोणत्याही पुढाऱ्याच्या घराण्याच्या हाती तर मुळीच नसावे. या तिघांनी मदत अवश्य करावी. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवावी, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे तिची नोंद करावी, विश्वस्तांत निम्म्या बायका असाव्यात, एक कामगार, एक दुकानदार, एक शिक्षक, आणि ऊसतोडणीच्या टोळ्यांतील कोणी तरी एक असावा. दर महिन्याचा जमाखर्च दारावर लावावा, आणि तो इंग्रजीत नव्हे, ज्या बाईस नुकतेच वाचावयास येऊ लागले आहे तिला वाचता येईल अशा मराठीत. फलकावर नावे नकोत. फार तर इतकेच लिहावे की हे घर इतके वाजल्यापासून इतके वाजेपर्यंत उघडे असते, आणि मग ते तसे उघडे असावे.

पैसा कोठून यावा? येथे आमच्या व्यापारी बंधूंशी दोन शब्द बोलावयाचे आहेत. आडतीवर, गुळाच्या व कापसाच्या सौद्यावर "धर्मादा" कापण्याची चाल आपल्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १९५० च्या विश्वस्त कायद्यातही या धर्मादाचे निराळे कलम घालावे लागले, इतकी ती रुळलेली होती. म्हणजे व्यवहारातील एक बारीक अंश परोपकारास काढून ठेवणे हे आपणांस नवीन नाही. त्याचा हिशेब लोकांसमोर ठेवणे तेवढे नवीन असेल. बारामतीच्या व वालचंदनगरच्या दुकानदारांनी मनावर घेतले तर एका शेजारघराचा चालू खर्च त्यांस जड नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांस नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यासाठी खर्च करणे भाग पाडले आहे. तो भाग या परिसरातील लहानमोठ्या कंपन्यांकडे मागावा, पण इमारतीसाठी न मागता तीन वर्षांच्या पगारासाठी मागावा. कामगारांनीही एक गोष्ट विसरू नये. १९५३ च्या कामगार कल्याण निधीच्या कायद्याने त्यांच्या पगारातून सहा महिन्यांस वर्गणी कापली जाते, मालक व सरकार त्यात भर घालतात, आणि त्या निधीतून राज्यात कामगार कल्याण केंद्रे, शिवणवर्ग, शिशुमंदिरे व नाट्यस्पर्धा चालतात. ज्यासाठी आपण पैसे भरतो ते आपणांस पुरेसे मिळते काय हे विचारणे म्हणजे भीक मागणे नव्हे. सभासदवर्गणीही असावी, थोडी का होईना. फुकट दिलेल्या घराविषयी लोक तक्रार करीत नाहीत. आणि जेथे तक्रार नाही तेथे सुधारणाही होत नाही.

असे काम आपल्या भागात जमत नाही, हे म्हणणे नीरेपलीकडे फलटणास जाऊन पाहिले म्हणजे टिकत नाही. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या व पुढे भारताच्या नागरिक झालेल्या बाईंनी तेथे शाळेतून गळलेल्या दलित मुलांस वाचावयास शिकविण्याचे वर्ग घेतले; त्यांतून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली व १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा निघाली. आरंभी त्यांच्यापाशी भव्य वास्तू नव्हती. वस्तीतील पोरे होती आणि रोज ठरल्या वेळी येणारी बाई होती. एवढ्या भांडवलावर जे उभे राहिले त्याचा अनुभव घ्यावयास दुरून शिक्षक येतात. नीरेच्या अलीकडच्या तीरावरून किती जण जातात, हे आम्ही विचारीत नाही.

भ्रमणध्वनीच्या या काळात, प्रत्येकाच्या हाती जग आले असता, चार भिंतींचे घर कशास हवे, असेही कोणी म्हणेल. हाती जग आले आहे हे खरे. पण ते यंत्र तापलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवीत नाही, आणि दोन शेजाऱ्यांचा नळावरून झालेला तंटा मिटवीत नाही. उलट मुलांच्या हातातील त्याच यंत्रामुळे सायंकाळचे ते तीन तास अधिक एकाकी झाले आहेत असे पालकच सांगतात.

आमची सूचना मोठ्या योजनेची नाही. वालचंदनगर व त्याच्या शेजारची दोन-तीन गावे यांनी मिळून कुलूप लागलेली एखादी जागा हुडकावी. ती निश्चित सापडेल. तिची किल्ली कोणाकडे आहे हे शोधावे, हे कदाचित थोडे कठीण जाईल. पहिल्या वर्षी फक्त तीनच गोष्टी कराव्यात: सकाळी पाळणाघर, दुपारी बायकांची बैठक, सायंकाळी मुलांचे वाचनालय. औषधपाणी, कायद्याचा सल्ला, शिवणयंत्रे, व्यायामशाळा ही सर्व मागाहून. कारखान्यांची धुराडी पेटावयाच्या आधी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, पहिली सभा भरवावी. तिचे आमंत्रण दुकानदारांस, शिक्षकांस, कामगारांच्या संघटनांस व निवृत्तांस जावे. आणि टोळ्या उतरल्यावर दुसरी सभा कोप्यांपाशीच भरवावी, कारण दिवसभर मोळ्या वाहिलेल्या बाईने आपल्या सभेस चालत यावे अशी अपेक्षा करणे बरोबर होणार नाही. तेथे तिला आधी एकच गोष्ट विचारावी: घर किती वाजता उघडले तर तुला सोयीचे होईल? ती पहाटे चार सांगेल. त्या वेळी दार उघडावयास कोण येणार, एवढे त्याच सभेत ठरवून मग उठावे.